रूळ आणि रस्ते खान्देशात आहेत, देखरेखही येथे येऊ द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
रेल्वेविषयक संसदीय स्थायी समिती, तसेच
परिवहन, पर्यटन व संस्कृतीविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली.

विषय : खान्देशातील रेल्वे व राष्ट्रीय महामार्गांची कामे, त्यांवरील खर्च आणि तेथील सुरक्षितता यांची पाहणी प्रत्यक्ष येथे येऊन करण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

मी पाचोऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. नोकरीची सव्वीस वर्षे मी पाचोरा ते जळगाव असे पॅसेंजरने अपडाऊन केले. परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली ही मधली स्टेशने कोणत्या क्रमाने येतात, गाडी कोठे वळण घेते आणि कोठे हमखास हळू होते, हे आमच्या डब्यातल्या प्रत्येक पासधारकाला झोपेतही कळत असे. मी अभियंता नाही, कोणत्या पक्षाची किंवा संघटनेची प्रतिनिधीही नाही. ज्या मार्गावर माझे निम्मे आयुष्य गेले, त्याविषयी आपल्या अधिकारातील एक गोष्ट मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे आणि ते मागणे सुरुवातीलाच सांगते. दोन्ही समित्यांनी आपला अभ्यास दौरा भुसावळ, जळगाव आणि धुळे येथे आणावा, येथे चालू असलेल्या कामांवर येथेच बसून सुनावणी घ्यावी, आणि त्या सुनावणीत अधिकाऱ्यांबरोबरच रुळांची देखभाल करणारे गँगमन, स्टेशन मास्तर, लोको पायलट, ट्रकचालक, केळी उत्पादक आणि पासधारक यांचेही म्हणणे नोंदवून घ्यावे.

२२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ पाचोऱ्यातला माणूस विसरू शकत नाही. लखनौहून मुंबईला जाणारी पुष्पक एक्स्प्रेस माहेजी आणि परधाडे या स्टेशनांच्या दरम्यान थांबली. डब्याला आग लागल्याची अफवा पसरली होती, साखळी ओढली गेली होती, आणि जीव वाचवण्यासाठी माणसे दारातून लगतच्या रुळावर उतरली. त्याच रुळावरून बंगळूरहून नवी दिल्लीकडे निघालेली कर्नाटक एक्स्प्रेस येत होती. किमान १२ जणांचा जीव गेला. त्यांत नेपाळमधून आलेली माणसेही होती. जखमींना आमच्या गावातल्या दवाखान्यांत आणले, तेव्हा आपल्या ओळखीचे कोणी नाही हे कळल्यावरही घरी परतायला कोणाचे पाय निघत नव्हते.

अफवा कोणी पसरवली, याची चर्चा नंतर पुष्कळ झाली. तो तपासाचा भाग आहे आणि त्यावर मी बोलणार नाही. मला विचारायचे आहे ते यानंतरच्या काही मिनिटांविषयी. साखळी ओढली की ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब उतरतो आणि गाडी थांबते. लोको पायलट इंजिनावरचा फ्लॅशर लावतो, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या पायलटने तो लुकलुकता दिवा पाहून वेग उतरवायचा असतो. ही व्यवस्था पूर्णपणे डोळ्यांना दिवा दिसण्यावर अवलंबून आहे, आणि त्या ठिकाणी रुळाला वळण आहे. दुसरीकडे, गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ज्या ‘कवच’ प्रणालीविषयी आपण संसदेत अनेकदा ऐकले आहे, तिच्यात पायलटने कळ दाबताच आसपासच्या गाड्यांना धोक्याचा संदेश जाण्याची सोय आहे. जानेवारी २०२५ मध्ये कवच प्रामुख्याने दक्षिण मध्य रेल्वेच्या सुमारे दीड हजार किलोमीटरवर कार्यरत होते. मनमाड ते भुसावळ हा देशातल्या अत्यंत गजबजलेल्या मार्गांपैकी एक, पण तो त्यात नव्हता. ती सोय असती तर काय झाले असते, हे तज्ज्ञांनी सांगावे. परंतु हा प्रश्न अधिकृतपणे कोणी कोणाला विचारला आणि त्याचे काय उत्तर मिळाले, हे पाचोऱ्याच्या नागरिकाला कळण्याचा सोपा मार्ग आज नाही, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

आणखी एक साधी गोष्ट. बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या जनरल डब्यात गार्डचा किंवा पायलटचा आवाज पोहोचवणारी काहीही सोय नसते. डब्यात दाटीने उभ्या असलेल्या माणसाला गाडी का थांबली, कोणत्या बाजूने उतरणे धोक्याचे आहे, हे कोणी सांगतच नाही. अशा वेळी त्याच्यापर्यंत पोहोचणारा एकमेव आवाज शेजाऱ्याचा असतो. अफवेला दोष देताना ही पोकळीही मोजली पाहिजे.

रेल्वे सुरक्षा आयुक्त हे पद कायद्याने रेल्वे मंत्रालयाबाहेर ठेवले आहे. त्यांची यंत्रणा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, ती यासाठी की ज्यांच्या कामाची चौकशी करायची त्यांच्याच हाताखाली चौकशी करणारा असू नये. ही अतिशय शहाणपणाची रचना आहे. तिचा लाभ लोकांपर्यंत पोहोचायचा असेल, तर चौकशीचे निष्कर्ष आणि त्यांवर रेल्वेने काय केले याची नोंद, ज्या तालुक्यात माणसे गेली त्या तालुक्याच्या भाषेत, तेथील तहसील कचेरीत आणि स्टेशनवर वाचायला मिळाली पाहिजे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम ४ स्वतःहून माहिती जाहीर करण्याचे बंधन घालते. त्यासाठी नागरिकाला अर्ज करत बसावे लागू नये.

हे मी आत्ताच का लिहिते आहे, त्याचे कारण येथे येत असलेला पैसा आहे. खान्देशाने रेल्वेसाठी फार वाट पाहिली. १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला आणि धुळे शहर शंभर वर्षांहून अधिक काळ त्या फाट्याच्या टोकावरच राहिले. आता चित्र बदलत आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते धुळे-नरडाणा मार्गाची आणि जळगाव-मनमाड तिसऱ्या मार्गाची पायाभरणी झाली, आणि उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण राष्ट्रार्पण झाले. २ सप्टेंबर २०२४ रोजी मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, त्याचा अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये आहे आणि २०२८-२९ पर्यंत तो पूर्ण करायचा आहे. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला जळगाव-मनमाड चौथा मार्ग, भुसावळ-खंडवा तिसरा व चौथा मार्ग आणि उत्तरेकडील आणखी एक मार्ग असे तीन प्रकल्प मिळून ७,९२७ कोटी रुपयांना मंजुरी मिळाली. त्याआधी २०२१ च्या अर्थसंकल्पात भुसावळहून खरगपूरमार्गे डानकुनीपर्यंतच्या स्वतंत्र मालवाहतूक मार्गिकेचा उल्लेख झाला होता. या प्रत्येक घोषणेचे मी मनापासून स्वागत केले आहे, कारण मालगाडीला वाट देण्यासाठी बाजूला उभी केलेली पॅसेंजर म्हणजे काय, हे मी उन्हाळ्यात डब्यात बसून सोसले आहे.

पण परधाड्याच्या त्या वळणावर जेव्हा चार रूळ शेजारी शेजारी असतील, तेव्हा थांबलेल्या गाडीतून घाईने उतरणाऱ्या माणसासमोरचे धोके आणखी वाढलेले असतील. मार्ग वाढले की गाड्यांना मोकळीक मिळते आणि उतरणाऱ्या, ओलांडणाऱ्या, रुळावर काम करणाऱ्या माणसाला जागा कमी उरते. शिवाय ही कामे ओसाड माळावर होत नाहीत. दिवसरात्र चालू असलेल्या मार्गाला लागून भराव टाकला जातो, पूल उभे राहतात, यंत्रे फिरतात. पावसाळ्यात गिरणेच्या आणि तिच्या नाल्यांच्या काठची काळी माती कशी सरकते, हे येथल्या गँगमनला विचारावे, त्याला ते कागद न बघता सांगता येते. मंजुरीच्या टिपणीत किलोमीटर असतात, कोटी असतात, वाचणारे डिझेल असते. चालू रुळालगत काम करताना सुरक्षेसाठी किती माणसे, किती तास, किती पैसा वेगळा ठेवला, हे त्यात सामान्य वाचकाला सापडत नाही.

पैसा वेगळा ठेवूनही तो त्याच कामी लागतो का, याविषयी आपल्याच यंत्रणेने कटू गोष्ट सांगितलेली आहे. २०१७-१८ मध्ये पाच वर्षांत १ लाख कोटी रुपये सुरक्षिततेवर खर्च करण्यासाठी राष्ट्रीय रेल संरक्षा कोष स्थापन झाला. त्यात दरवर्षी १५,००० कोटी अर्थसंकल्पातून आणि ५,००० कोटी रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून घालायचे होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी रुळावरून घसरणाऱ्या गाड्यांविषयीच्या २०२२ च्या अहवालात दाखवून दिले की पहिल्या चार वर्षांत रेल्वेच्या वाट्याच्या २०,००० कोटींपैकी १५,७७५ कोटी रुपये आलेच नाहीत. रूळ तपासणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या ठरल्यापेक्षा ३० ते १०० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे त्याच अहवालात आहे. मी गणिताची शिक्षिका होते. ज्या विद्यार्थ्याने शंभरपैकी एकवीस गुणांचाच पेपर सोडवला, त्याला वरच्या वर्गात घालताना मी त्याच्या पालकांना बोलावून घेतले असते. या बाबतीत पालक म्हणजे संसद, आणि संसदेच्या वतीने आपण.

पूर्वी रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जाई. १९२४ पासूनची ती पद्धत २०१७-१८ पासून बंद झाली आणि रेल्वेचा हिशेब सर्वसाधारण अर्थसंकल्पात सामावला गेला. त्यामागची कारणे मला मान्य आहेत, नव्या गाड्या जाहीर करण्याची चढाओढ थांबली हेही चांगले झाले. परंतु त्या एका दिवशी आमच्या शिक्षकांच्या खोलीत रेडिओ लावून सगळे ऐकत बसत, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आपल्या भागाला काय मिळाले ते शोधत, आणि वर्षभर खासदाराला त्याचा जाब विचारत. आज रेल्वेचा भांडवली खर्च अर्थसंकल्पातून मिळणाऱ्या अडीच लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेवर चालतो आणि त्यावरची सार्वजनिक चर्चा मात्र पूर्वीपेक्षा आटली आहे. अनुदानाच्या मागण्या तपासण्याचे काम १९९३ पासून आपल्यासारख्या विभागीय समित्यांकडे आहे. त्यामुळे आता त्या चर्चेची खरी जागा आपल्याच दालनात उरली आहे.

महामार्गांविषयीही तितक्याच काळजीने लिहिते, कारण येथे माणसे एकेक करून जातात आणि म्हणून मोठी बातमी होत नाही. सुरत-नागपूर रस्त्याला आम्ही अजूनही सहा नंबरचा हायवे म्हणतो, कागदावर तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. याच महामार्गावर अमरावती ते अकोला या पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरण्याचा विश्वविक्रम झाला, आणि त्याचा आम्हालाही अभिमान वाटला. त्याच महामार्गाचा फागणे ते तरसोद आणि पुढे चिखलीपर्यंतचा खान्देशातला भाग चौपदरी होण्यासाठी लोकांनी किती वर्षे धूळ खाल्ली, हे धरणगाव-पारोळ्याकडच्या कोणत्याही माणसाला विचारावे. जळगाव शहरातून जाणाऱ्या जुन्या महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. ही मागणी करणाऱ्यांत आपले माणूस त्या रस्त्यावर गमावलेली घरे होती.

महामार्ग बांधण्याच्या हायब्रिड अ‍ॅन्युइटी पद्धतीत बांधकामाच्या काळात सरकार खर्चाच्या ४० टक्के रक्कम देते आणि उरलेली रक्कम ठेकेदाराला पुढे साधारण १५ वर्षे हप्त्यांनी मिळते, त्या काळात रस्ता सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारीही त्याची असते. म्हणजे आमच्या गावासमोरच्या रस्त्यावर दिवा बंद असेल, भुयारी मार्गात पाणी साचत असेल, तर जनतेच्या पैशाचा पुढचा हप्ता देताना ते विचारण्याचा हक्क सरकारकडे आहे. हा हक्क वापरला जातो का, हे सामान्य माणसाला कळत नाही. माझ्या माहेरच्या गावाजवळ भुयारी मार्गात पावसाळाभर गुडघाभर पाणी असे आणि शाळेची मुले वरून, भरधाव वाहनांमधून रस्ता ओलांडत. मी तीन वर्षांत अकरा पत्रे लिहिली. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने देखरेखीच्या सल्लागाराकडे, सल्लागाराने ठेकेदाराकडे. मी त्या कोणाचेही नाव येथे घेत नाही, कारण माझे म्हणणे एका माणसाविरुद्ध नाही. कागदावर चार जण जबाबदार असलेल्या जागी पाणी उपसायला शेवटी गावातल्या एका शेतकऱ्याने आपला पंप लावला, एवढेच मला समितीच्या कानावर घालायचे आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कामात ही रक्कम किती लहान आहे ते मी वेगळे सांगत नाही. परंतु जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हे कलम आजवर किती वेळा लावले गेले, एवढा एकच प्रश्न आपण तीन जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना विचारावा. रेल्वे अपघातानंतर निदान स्वतंत्र वैधानिक चौकशी होते. रस्त्यावर पंचनामा होतो, चालकावर गुन्हा नोंदवला जातो, आणि रस्त्याला कोणी काही विचारत नाही. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे एक ट्रक वाहनांना धडक देत थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला आणि किमान १० माणसे गेली. ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. सातपुड्याच्या उतारावरून अवजड वाहने खाली येतात, तेथे बसची वाट पाहणारी माणसे नेमकी कोठे उभी असतात, याचा विचार रस्ता आखताना व्हायला हवा होता की नाही?

तसेच १५ फेब्रुवारी २०२१ चा यावल तालुक्यातील किनगावचा अपघात. पपईने भरलेला ट्रक उलटला आणि मालावर बसून घरी निघालेले किमान १५ मजूर दगावले. केळी-पपईच्या तोडीवर जाणाऱ्या मजुरांना परतीसाठी रात्री दुसरे वाहन नसते, म्हणून ते मालावर बसतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. केळी दिल्लीच्या बाजारात वेळेवर पोहोचावी यासाठी आम्ही वॅगन मागतो, रस्ते मागतो. ती केळी तोडणारा माणूस कसा घरी पोहोचतो, हा वाहतुकीच्या धोरणाचा प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाही.

कन्नडच्या घाटाविषयी थोडेच लिहिते. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत तेथे दरडी कोसळल्या आणि धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. त्या घाटाला पर्याय म्हणून बोगद्याची चर्चा त्याआधीपासून चालू आहे. चाळीसगावच्या लोकांना आता चर्चेची तारीख नको, कामाची तारीख हवी आहे.

सुरक्षेच्या बाबतीत आणखी एक अडचण सीमारेषांची आहे. जळगाव, पाचोरा, भुसावळ मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात, तर धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, लोहमार्ग पोलीस राज्याच्या गृह खात्याचे. नंदुरबारहून जळगावला येणाऱ्या मुलीची बॅग गाडीत चोरीला गेली किंवा तिला कोणी त्रास दिला, तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन केल्यानंतर तिची तक्रार यांपैकी कोणाकडे फिरते आणि किती वेळात, हे समितीने एका खऱ्या तक्रारीचा माग काढून पाहावे. प्रत्येक दलाकडे स्वतंत्र आकडे असतील. तिच्या प्रवासाचा एक सलग आकडा मात्र कोणाकडेच नसेल, अशी मला भीती वाटते.

म्हणून बैठक येथे हवी. दिल्लीत अधिकारी सादरीकरण करतात आणि ते प्रामाणिकपणेच करतात, याबद्दल मला शंका नाही. पण समितीने शिफारस केल्यानंतर तीन महिन्यांत सरकारने काय केले ते कळवावे, ही आपली प्रथा आहे, आणि ती शिफारस जितकी नेमक्या जागेविषयी असेल तितके तिला उत्तर देणे सरकारला भाग पडते. ‘सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे’ या वाक्याला ‘लक्ष दिले जात आहे’ असे उत्तर मिळते. ‘माहेजी-परधाडे दरम्यानच्या वळणावर अमुक तारखेपर्यंत कवच बसवावे, नव्या मार्गांचे काम चालू असताना तेथे रात्रीचा पहारा ठेवावा आणि त्याचा तिमाही अहवाल मराठीत जाहीर करावा’ या वाक्याला मात्र हो किंवा नाही असेच उत्तर द्यावे लागेल. असे वाक्य लिहिण्यासाठी ती जागा डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते.

आपला दौरा ठरल्यास माझी एवढी विनंती आहे की खास गाडीने न येता, भुसावळहून मनमाडकडे जाणाऱ्या एखाद्या साध्या गाडीने, जनरल डब्यातून, पाचोऱ्यापर्यंत यावे. माहेजी सुटल्यावर मी आपल्याला ते वळण दाखवीन. पाचोऱ्याला उतरल्यावर, त्या संध्याकाळी जखमींना उचलून आणणारी गावातली माणसे स्टेशनवर भेटतील, त्यांनी काय पाहिले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि सुनावणीच्या नोंदीत घ्यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
पाचोरा, जि. जळगाव